अब्राहामाची लेकरं नेमकी कोण?

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याबरोबर मुलीचा, मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थं पायी हिंडलेल्या, हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या, ब्राह्मो समाजाची प्रार्थना जवळून पाहिलेल्या. कुणाच्या भिडेखातर काही मान्य करतील हे शक्यच नव्हतं. मनोरमा जेमतेम अडीच वर्षांची होती. विधी एकच, पण एकीने निर्णय घेतला होता आणि दुसरीसाठी तो घेतला गेला होता.

ख्रिस्ती धर्मातला सर्वांत जुना आणि अजून न मिटलेला वाद या दोन बाप्तिस्म्यांच्या मधल्या जागेत आहे. विश्वास घराण्यातून येतो, की ज्याचा त्याने पत्करायचा असतो? पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याने किंमत मोजलेली असते. तो पडतो त्याच्या मुलांना, त्याहून जास्त नातवंडांना, आणि ज्यांच्या हाती मंडळीची सभासद-वही असते त्यांना.

नव्या कराराचं उत्तर वरवर पाहता स्वच्छ आहे. यार्देनेच्या काठी बाप्तिस्मा देणारा योहान समोरच्या गर्दीला बजावतो, की अब्राहाम आपला बाप आहे या भरवशावर राहू नका. देवाला मुलंच हवी असतील तर तो या दगडांतूनही उभी करील. निकदेम हा शास्त्र जाणणारा, मानमरातब असलेला परूशी रात्री येशूकडे येतो तेव्हा त्याला सांगितलं जातं, की जन्म पुन्हा घ्यावा लागेल. पौलाची तऱ्हा तर आणखी रोखठोक. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःची कुळी एखाद्या भाटासारखी मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, इब्र्यांतला इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी. आणि मग हे सारं तो तोट्याच्या खात्यात टाकून देतो. रोमकरांस पत्रातला त्याचा युक्तिवाद वकिलाच्या तोडीचा आहे. अब्राहामाला नीतिमान गणलं गेलं ते सुंता होण्याआधी, केवळ विश्वासामुळे. म्हणून जे विश्वास ठेवतात ते सगळे त्याची लेकरं, मग रक्त कुणाचंही असो.

इथे एक गोष्ट निसटू देता कामा नये. हा युक्तिवाद यहुदी परंपरेवर बाहेरून झालेला हल्ला नव्हता. योहान, येशू, पौल हे सगळे यहुदीच होते, आणि वंशाच्या भरवशाला पहिला धक्का त्याआधी कितीतरी शतकं यहुदी संदेष्ट्यांनीच दिला होता. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण आता इस्राएलात चालायची नाही, असं यहेज्केल ठणकावून सांगतो. मुलगा बापाचं पाप वाहणार नाही आणि बापाचं पुण्यही त्याला वाचवणार नाही. यिर्मयानेही त्याच म्हणीचा समाचार घेतला आहे. पौलाने तर रोममधल्या बिगरयहुदी ख्रिस्ती लोकांना ताकीद दिली होती, की तुम्ही कलम केलेल्या फांद्या आहात, मुळापुढे मिरवू नका. ती ताकीद ऐकली गेली असती, तर पुढच्या इतिहासातली काही काळीकुट्ट पानं टळली असती.

नवा करार घराण्याला मोडीतही काढत नाही. मत्तयाचं शुभवर्तमान वंशावळीनेच सुरू होतं, पण त्या वंशावळीत कनानी राहाब आहे आणि मवाबी रूथ आहे. म्हणजे येशूच्या रक्तातच परकं रक्त आहे, हे लिहिणाऱ्याने मुद्दाम दाखवलं आहे. तरुण तीमथ्याला लिहिताना आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण मोठ्या मायेने काढली आहे. फिलिप्पै शहरात लुदिया आणि तिच्यानंतर तुरुंगाचा अधिकारी बाप्तिस्मा घेतात ते घरच्या सगळ्यांसकट. त्या घरांत तान्ही मुलं होती का? मजकूर काहीच सांगत नाही, आणि त्या न सांगण्यावर दोन्ही पक्षांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत.

इ. स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तर्तुलियन सांगत होता, की ख्रिस्ती माणूस घडतो, जन्मत नाही. लेकरांच्या बाप्तिस्म्याची घाई कशाला, त्यांना कळू लागेपर्यंत थांबा, असा त्याचा सल्ला होता. पन्नासेक वर्षांनी त्याच शहराचा बिशप सिप्रियन आणि त्याचे सहकारी म्हणू लागले, की आठव्या दिवसाचीही वाट पाहू नका. इतक्या थोड्या काळात हवा पालटली, याला तान्ह्या मुलांचे मृत्यू हे एक कारण असणारच. दारात मरण उभं असताना कुठली आई थांबेल?

या ओढाताणीचं जिवंत उदाहरण म्हणजे ऑगस्टीन. त्याची आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती. पण लहानपणी त्याचा बाप्तिस्मा झालाच नाही. एकदा जिवावरच्या दुखण्यात तयारी झाली, दुखणं बरं झालं, आणि विधी लांबणीवर पडला. अखेर ३८७च्या ईस्टरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. ‘मी शोधलं, भटकलो, मग सापडलो’ अशी वैयक्तिक श्रद्धेची सर्वांत गाजलेली कहाणी ज्याची, त्यानेच पुढे तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याची सर्वांत भक्कम बाजू मांडली. आदामाचं पाप प्रत्येकाला जन्मतःच मिळतं, म्हणून कृपेला उशीर नको, असं त्याचं म्हणणं. पश्चिमेकडच्या चर्चने हे स्वीकारलं. त्यातून एक विलक्षण गोष्ट उरली: वारशाने मिळतं ते पाप, विश्वास नव्हे. विश्वास प्रत्येक लेकराला नव्यानेच द्यावा लागतो. तात्त्विकदृष्ट्या वंशाच्या अभिमानाला इथे तिळमात्र जागा नव्हती.

व्यवहारात मात्र रक्ताने मागच्या दाराने प्रवेश केला, आणि तोही अतिशय क्रूरपणे. १४४९ साली स्पेनमधल्या तोलेदो शहराने ठराव केला, की यहुदी वंशातून ख्रिस्ती झालेल्यांना शहरातली अधिकारपदं मिळणार नाहीत. ही माणसं बाप्तिस्मा घेतलेली, कित्येक तर ख्रिस्ती घरांत जन्मलेली होती. पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी या ठरावाचा निषेध केला. बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ती माणसांत जुना-नवा भेद करणं हे शिकवणीच्याच विरुद्ध आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण निषेध कागदावर राहिला आणि ‘रक्तशुद्धी’ची प्रमाणपत्रं फोफावली. संन्याशांचे संघ, विद्यापीठं, कथीड्रलं एकेक करून उमेदवाराच्या आजोबा-पणजोबांची चौकशी करू लागली. सोळाव्या शतकात तोलेदोच्या कथीड्रलने केलेला असाच नियम पुढच्या एका पोपने मंजूरही केला.

याच काळात आविलाची तेरेसा मठ स्थापत होती, प्रार्थनेवर लिहीत होती. तिचे आजोबा यहुदी वंशातले ख्रिस्ती. १४८५ साली तोलेदोच्या इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. घराण्याच्या इभ्रतीच्या गप्पांची तेरेसाला चीड का होती, हे यावरून समजतं. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस तर म्हणे, की आपण यहुदी वंशात जन्मलो असतो तर ती देवाची कृपाच मानली असती, कारण मग येशूशी रक्ताचं नातं सांगता आलं असतं. त्याच्या निकटच्या सहकाऱ्याने ही आठवण नोंदवून ठेवली आहे. त्याच्यानंतर संघाचा प्रमुख झालेला दिएगो लाइनेझ यहुदी वंशातलाच होता. तरीही १५९३ साली येशूसंघाने यहुदी आणि मुसलमान वंशाच्या लोकांना दार बंद केलं. १६०८ साली अट थोडी सैल झाली, ती पुरती निघाली १९४६ साली. हिटलरच्या छळछावण्या उघडकीला आल्यानंतर, ही तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रक्ताची ही शोधाशोध गोव्यापर्यंत पोहोचली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या वनस्पती आणि औषधांवर त्याने लिहिलेला संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी होते, नंतर पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसलं. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आलं, आणि १५८० साली खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या. पणजीतल्या बागेला आज त्याचं नाव आहे. हे कुटुंब मनाने कितपत ख्रिस्ती झालं होतं, हा प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार सक्ती करणाऱ्यांनी केव्हाच गमावला होता. आधी माणसाला इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यायचा, मग त्याच्या नातवंडांच्या मनात काय आहे याचा शोध घ्यायचा: वैयक्तिक श्रद्धा आणि वंश या दोन्हींचं इतकं विद्रूप मिश्रण दुसरं नाही. गोव्यातले जे हिंदू ख्रिस्ती झाले त्यांनी तर वंशाची सगळी उतरंडच सोबत आणली. बामण, चार्दो, सुदीर हे भेद लग्न जुळवताना आणि चर्चच्या कोंफ्रारींमध्ये, म्हणजे भक्तमंडळांमध्ये, शतकानुशतकं पाळले गेले.

वंशाविरुद्धचं बंड मात्र त्याआधीच झुरिकमध्ये पेटलं होतं. २१ जानेवारी १५२५च्या रात्री काही तरुण एका घरात जमले, आणि कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. त्या दोघांचा बाप्तिस्मा लहानपणी झालेला होता. तो त्यांनी जमेस धरला नाही. शहराच्या दृष्टीने हे धर्मापुरतं नव्हतं. जन्मलेलं प्रत्येक मूल शहराचं आणि चर्चचं, या एका धाग्यावर सगळी व्यवस्था उभी होती. तोच धागा कुणी तोडतो म्हणजे काय! त्या रात्री हजर असलेल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्माट नदीत बुडवण्यात आलं. नावेत बसवून त्याचे हात गुडघ्यांवरून खाली घेऊन बांधले आणि मधून काठी सरकवली, म्हणजे हलता येऊ नये. काठावर त्याची आई आणि भाऊ उभे होते. आई ओरडून सांगत होती, की खंबीर राहा. हे त्याच्या विरोधकांच्या बाजूच्या इतिहासकारानेच लिहून ठेवलं आहे. घराण्याचा विश्वास नाकारून मरणाऱ्या मुलाला धीर द्यायला घरचीच माणसं होती, हे वाचताना वंश विरुद्ध श्रद्धा ही सरळ विभागणी डळमळीत होते.

दोन वर्षांनी, १५२९ मध्ये, स्पायरच्या सभेने पुनर्बाप्तिस्म्याला मृत्युदंड ठरवला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं त्यांपैकी ही एक. जागतिक लुथरन संघटनेने या छळाबद्दल त्या बंडखोरांचा वारसा सांगणाऱ्या मेनोनाइट लोकांची औपचारिक क्षमा मागितली ती २०१० साली.

बंडखोरांनाही मुलं होतात, आणि मग तोच प्रश्न फिरून उंबरठ्यावर येतो. न्यू इंग्लंडच्या प्युरिटन लोकांनी मंडळीच्या पूर्ण सभासदत्वासाठी अंतःकरणातल्या पालटाची साक्ष मागायला सुरुवात केली. मुलांना अशी साक्ष देता येईना. मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही? १६६२ साली तोड निघाली: बाप्तिस्मा द्या, पण प्रभुभोजनाला थांबवा. नॉर्थॅम्प्टनमध्ये सॉलोमन स्टॉडर्डने दार त्याहून रुंद केलं. त्याचा नातू जोनाथन एडवर्ड्स त्याच व्यासपीठावर आला, आणि स्वतःचा विश्वास सांगितल्याशिवाय प्रभुभोजन नाही म्हणून अडून बसला. १७५० साली मंडळीने त्याला काढून टाकलं. व्यक्तिगत श्रद्धेचा आग्रह धरणारा हा पाळक आजोबांच्या परंपरेविरुद्ध उभा राहिला, आणि लोक आजोबांच्या बाजूचे निघाले.

डेन्मार्कमध्ये १८४०च्या दशकात, तान्हेपणीचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या बाप्टिस्ट पालकांच्या मुलांना सरकारी सक्तीने बाप्तिस्मा देण्याचं सत्र चाललं होतं. पेटर किर्केगार्ड या पाळकाने असा विधी करायला साफ नकार दिला. त्याचा धाकटा भाऊ सोरेन किर्केगार्ड. देशात जन्मलेला प्रत्येक जण आपोआप ख्रिस्ती ठरत असेल तर ख्रिस्ती असण्याला अर्थच काय, असा प्रश्न त्याने मरणापूर्वी, १८५५ मध्ये, सरकारी चर्चच्या तोंडावर फेकला.

आणि १९३३चं जर्मनी. सरकारी नोकऱ्यांतून यहुदी वंशीयांना काढणारा कायदा झाला, तेव्हा तेच कलम पाळकांना लावण्याची मागणी चर्चच्या आतूनच आली. बाप्तिस्मा झालेला, दीक्षित पाळक, पण आजी यहुदी, म्हणून बाहेर. दीत्रिख बोनहोफरने लगोलग लिहिलं, की वंशावरून सभासद गाळणारं चर्च हे चर्च राहतच नाही. एडिथ स्टाइन यहुदी घरात जन्मली, १९२२ साली कॅथलिक झाली, जोगीण झाली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी औश्वित्झमध्ये मारली गेली ती रक्तामुळे. तोलेदोत पेरलेल्या कल्पनेला कुठली फळं लागू शकतात, हे इथे कुणालाही दिसावं.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या अंगाने आला, कारण इथे पहिली पिढी अजून डोळ्यांपुढे होती. रमाबाईंचीच गोष्ट घ्यावी. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या आसपास, त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, ख्रिस्त मात्र घेतला नाही. स्वतःच्या साक्षीत त्यांनी हे कसलाही आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. ज्यांनी पूर्ण समजून-उमजून, नातेवाइकांचा आणि समाजाचा रोष पत्करून धर्म बदलला होता, त्यांनाही निवड पुरेशी वाटली नाही. व्यक्तिगत निर्णय म्हणजेच व्यक्तिगत श्रद्धा, हे प्रोटेस्टंट वर्तुळात सहज गृहीत धरलं जातं. रमाबाईंचा अनुभव ते गृहीतच हलवतो. १८९३ साली रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. मुलींनी ठरवलं की त्यांच्यासाठी ठरवलं गेलं, हाच तिथला कळीचा मुद्दा होता. आणि मनोरमा? वाँटेजला जिच्यासाठी निर्णय घेतला गेला ती मोठी झाली, आईच्या कामाला येऊन मिळाली, आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, गेली. तिची श्रद्धा उसनी होती असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यांनी ओढून नेलं नाही, आणि त्याही ओढल्या जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. काही वर्षं ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचा सोवळं-ओवळं पाळण्याचा हट्ट बराच काळ टिकला. तो सुटला तो स्वतः विचार करून, आणि मगच, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या प्रत्येकाला हा प्रवास ठाऊक आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत. धर्म सोडला म्हणून वाडवडिलांची भक्ती सोडली नाही, आणि मिशनऱ्यांनी तसं सुचवलेलं त्यांना खपलंही नाही.

हे सगळे शिकलेले, एकेकटे निर्णय घेऊ शकणारे लोक. अहमदनगर जिल्ह्यात १८३१पासून अमेरिकन मराठी मिशन काम करत होतं. तिथे मंडळीत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले, आणि ते बरेचदा घरंच्या घरं मिळून आले. दुष्काळाच्या वर्षांत ओघ वाढला. ही श्रद्धा, की शाळेची आणि धान्याची आशा, असं तेव्हा मिशनऱ्यांतही विचारलं जाई. वॉस्कम पिकेट यांनी भारतातल्या अशा सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास १९३३ साली प्रसिद्ध केला. माणसं कोणत्या हेतूने आली यापेक्षा नंतर त्यांना शिकवण आणि सोबत कशी मिळाली यावर त्यांची वाढ अवलंबून होती, असा त्यांचा सूर होता. तो पटण्यासारखा आहे. गावकीच्या कामाला पिढ्यानपिढ्या जुंपलेल्या माणसाला एकट्याने काहीही ठरवण्याची मुभा नव्हतीच. भावकीने मिळून ठरवणं हाच त्याचा स्वतःचा निर्णय. एकट्याच्या अंतःकरणाचा निकष त्याला लावणं म्हणजे दुसऱ्या समाजाची मोजपट्टी त्याच्या पाठीला लावणं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते तसे बाप्टिस्टही, म्हणजे झुरिकच्या वादातले दोन्ही पक्ष एका छपराखाली. दोन्ही प्रथा मान्य झाल्या. पालक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करू शकतात, मग मूल जाणतं झाल्यावर दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतं. किंवा बाळाचं समर्पण करून बाप्तिस्मा मोठेपणी होतो. कॅथलिक नियमही सांगतो, की मूल ख्रिस्ती वळणात वाढेल अशी काही आशा असल्याशिवाय बाप्तिस्मा देऊ नये. म्हणजे घराणं हा मुलाचा हक्क नसून मोठ्यांवरचं ओझं आहे, इथवर बऱ्याच मंडळ्या आता आल्या आहेत.

भारतीय राज्यघटनेखालचा व्यवहार मात्र वेगळं विचारतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आले नाहीत. पूर्वजांची जात ठाऊक, अनुभव तोच, पण विश्वास बदलल्यामुळे दर्जा गेला. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुचेरीतल्या एका महिलेची मागणी फेटाळली. अर्भकपणी तिचा बाप्तिस्मा झाला होता. आपण हिंदूच आहोत, असं ती सांगत होती. ती नियमाने चर्चला जाते हे नोंदवून न्यायालयाने तिला ख्रिस्ती ठरवलं. तान्हेपणीचा बाप्तिस्मा पुरेसा की मोठेपणीचं आचरण हवं, याचा काथ्याकूट कार्थेजपासून चालत आला. इथे तो जात-प्रमाणपत्राच्या अर्जावर झाला.

चर्चच्या आतली परिस्थिती दलित ख्रिस्ती लोकांना बोलायला लावणारी आहे. तामिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतच जातीची भिंत उभी राहिली. केरळातल्या क्नानाया समाजात बाहेर लग्न केलेल्यांना मंडळीतून वगळण्याची प्रथा न्यायालयापर्यंत गेली. महाराष्ट्रातही स्थळ पाहताना मूळ जातीची विचारणा होते, हे मंडळीतली माणसंच सांगतात. सरकारने जात नाकारली आणि मंडळीने ती विचारली, अशा दुहेरी पेचात ही माणसं आहेत. त्यातला पहिला भाग संसदेच्या हातात आहे. दुसरा मात्र पाळक, बिशप आणि प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.